‘अंगावरून लय जातंय’: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत आभासी सिम्युलेशन कसं तयार करावं

लेबर रूममधली बाळंतीण ‘ब्लीडिंग होतंय’ असं क्वचितच म्हणते. ती म्हणते, ‘सिस्टर, अंगावरून लय जातंय.’ कधी म्हणते, ‘डोळ्यांपुढं अंधारी येतीय.’ कधी ती काहीच बोलत नाही, आणि तिची सासू दारात येऊन सांगते की पोरगी घाबरीघुबरी झालीय. हे वाक्य कानावर पडल्यावर पुढच्या दोन मिनिटांत नर्स काय करते, यावर त्या बाईचा जीव अवलंबून असतो.

आता विद्यार्थ्याच्या बाजूने बघा. बीएस्सी नर्सिंगच्या सहाव्या-सातव्या सत्रात मुलं प्रसूतीशास्त्राच्या पोस्टिंगला जातात. कित्येकांना संपूर्ण पोस्टिंगमध्ये प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाची, म्हणजे पीपीएचची, एकही केस बघायला मिळत नाही. मिळाली तरी त्या क्षणी विद्यार्थ्याला बाजूला उभं केलं जातं, आणि ते योग्यच आहे. तो निर्णय स्वतः घेण्याची पहिली वेळ मग थेट नोकरीत येते, बहुतेकदा रात्रपाळीत. ही दरी भरण्यासाठी आभासी सिम्युलेशन वापरायचं. पडद्यावर रुग्ण असते, विद्यार्थी निर्णय घेतो आणि त्या निर्णयाप्रमाणे तिची प्रकृती बदलत जाते. व्हिडिओ बघण्यात आणि यात हाच फरक आहे.

मी प्रसूतीशास्त्र शिकवते. पीपीएच हे एकच उदाहरण घेऊन पहिल्या कल्पनेपासून वॉर्डापर्यंतचा मार्ग इथे लिहिते आहे. विषय मधुमेहातली साखर उतरणं असो वा बालकाचा अतिसार, रीत हीच राहील.

आधी ठरवा: हात शिकवायचेत की डोकं?

अमेरिकेत कनेक्टिकटच्या हार्टफर्ड रुग्णालयात १९११ साली नर्सना शिकवण्यासाठी माणसाएवढी बाहुली आणली गेली. तिला ‘मिसेस चेस’ म्हणत. तेव्हापासून आजच्या स्किल लॅबमधल्या मॅनिकिनपर्यंत बाहुल्यांनी मुख्यतः हात घडवले: बिछान्यावर वळवणं, इंजेक्शन देणं, कॅथेटर घालणं. पडद्याला हे जमत नाही. माउसने क्लिक करून गर्भाशयाचा मसाज येत नाही, शीर सापडत नाही. पडदा शिकवू शकतो ते लक्षात येणं, अर्थ लावणं, क्रम ठरवणं आणि मदत मागणं.

पीपीएचमध्ये नेमकी इथेच चूक होते. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत झालेला ‘ई-मोटिव्ह’ हा मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या पद्धतीत, नुसत्या नजरेच्या अंदाजावर, पीपीएचच्या जेमतेम निम्म्या केसेस ओळखल्या गेल्या होत्या. रक्त मोजणारी पिशवी वापरून, ओळख पटताच सगळे प्राथमिक उपचार एकत्र सुरू केले, तिथे ओळखण्याचं प्रमाण ९३ टक्क्यांवर गेलं. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं. औषधं नवी नव्हती. वेळेवर लक्षात येणं आणि न थांबता सुरुवात करणं, एवढंच बदललं होतं.

म्हणून उद्दिष्ट लिहिताना ‘पीपीएचची माहिती देणे’ असं लिहू नका, त्यासाठी फळा पुरतो. माझ्या वहीतलं उद्दिष्ट असं आहे: ‘प्रसूतीनंतरच्या पहिल्या तासात रक्तस्राव वाढतोय हे विद्यार्थी ओळखेल, रुग्णाला एकटं न सोडता मदत बोलावेल आणि प्राथमिक उपचार सुरू करेल.’ एका सिम्युलेशनला एवढं पुष्कळ झालं. त्यात नवजात बालकाचं पुनरुज्जीवन, नातेवाइकांचं समुपदेशन आणि नोंदणी कोंबायला गेलात तर मुलांच्या हाती काहीच लागणार नाही.

साधन कोणतं घ्यावं

‘व्हीसिम फॉर नर्सिंग’सारखी तयार सॉफ्टवेअर बाजारात आहेत. ती मेहनतीने बनवलेली असतात, पण विद्यार्थीमागे पैसे मोजावे लागतात आणि रुग्ण इंग्रजीत बोलते. मी सुरुवात अशाच एका तयार इंग्रजी केसने केली होती. मुलांचा अर्धा वेळ पर्याय वाचण्यात गेला. नंतर एका मुलीने सांगितलं, ‘मॅडम, मला काय करायचं ते माहीत होतं, पण चारातलं कुठलं वाक्य तेच म्हणतंय ते कळेना.’ तेव्हा मी मराठीत केस लिहायला बसले.

स्वतः बनवायचं तर पैसे लागत नाहीत. पहिली केस गुगल फॉर्मवर करा. प्रत्येक प्रसंगाचा वेगळा विभाग करायचा, प्रश्न बहुपर्यायी ठेवायचा आणि ‘उत्तरानुसार विभागाकडे जा’ ही सोय चालू करायची. ‘मसाज’ निवडला की एका विभागात, ‘पॅड बदलते’ निवडलं की दुसऱ्या. कोणी काय निवडलं ते आपोआप तक्त्यात जमा होतं आणि नंतरच्या चर्चेत हा तक्ता फार कामाला येतो. अडचण दोन: इंटरनेट लागतं, आणि विद्यार्थी मागे जाऊन उत्तर बदलू शकतो.

हात बसला की ‘ट्वाइन’ घ्या. हे फुकट, मुक्त स्रोत साधन आहे. फांद्या असलेली गोष्ट लिहिण्यासाठीच ते तयार झालं, आणि देवनागरी त्यात नीट चालते. प्रत्येक प्रसंग म्हणजे एक चौकट. चौकटीत [[गर्भाशय चोळते->मसाज]] असं लिहिलं की ‘मसाज’ नावाच्या चौकटीकडे जाणारा दुवा तयार होतो. प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. काम संपलं की एकच फाइल मिळते. ती पेनड्राइव्हवरून लॅबच्या प्रत्येक संगणकात टाका, ब्राउझरमध्ये उघडते, इंटरनेट लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणच्या कॉलेजांसाठी मला हाच मार्ग सर्वांत भरवशाचा वाटतो. कॉलेजात मूडल, म्हणजे ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याची प्रणाली असेल, तर ‘एचफाइव्हपी’ या तिच्यात चालणाऱ्या साधनातला फांद्यांचा प्रकारही चालेल. त्यात मधेच व्हिडिओ घालता येतो.

त्रिमितीय (व्हीआर) चष्मा हवाच का, असं प्राचार्य विचारतात. या उद्दिष्टासाठी नको. तेवढ्या पैशांत रक्ताचे पॅड तोलायला वजनकाटे आणि मॅनिकिन घ्या.

केस लिहिणं: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

आधी कागदावर वेळेची रेघ ओढा. माझी अशी आहे. रुग्ण २६ वर्षांची, तिसरी खेप, कळा बराच वेळ चालल्या, बाळ ३.६ किलो. तिला नाव द्या. नाव नसलेल्या रुग्णाची काळजी कुणाला वाटत नाही.

० मिनिटं: वार (प्लॅसेंटा) पूर्ण पडली, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचन पावण्याचं औषध) दिलं, गर्भाशय कडक, पल्स ८८, बीपी ११६/७४, रक्त २०० मिली.
२० मिनिटं: गर्भाशय मऊ (नीट आकुंचन पावलेलं नाही), पल्स १०४, बीपी ११४/७६, एकूण ३५० मिली.
३० मिनिटं, काही केलं नाही तर: पल्स १२२, बीपी ९८/६०, ८०० मिली, हाकेला ओ देत नाही.

विसाव्या मिनिटाचे आकडे मुद्दाम असे ठेवलेत. बीपी जवळपास तेच आहे. तरुण, धडधाकट बाईचं शरीर बराच वेळ बीपी सावरून धरतं, आधी पल्स वाढते. ‘बीपी नॉर्मल आहे ना’ म्हणून थांबणारा विद्यार्थी इथे अडकायला हवा. पल्सला वरच्या बीपीने भागायला लावा: सुरुवातीला ०.७६, मग ०.९१, शेवटी १.२४. हा शॉक इंडेक्स १ च्या पुढे गेला की धोका उघड आहे. पण तिथपर्यंत वाट बघायची नसते, हे या तीन आकड्यांतून मुलांना आपोआप दिसतं.

पुस्तकात ५०० मिलीची व्याख्या पाठ केलेली मुलं ३५० ला निश्चिंत असतात. जागतिक आरोग्य संघटनेने आणि प्रसूतितज्ज्ञ व सुइणींच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार ३०० मिली रक्त गेलं आणि सोबत व्हायटल्स (पल्स, बीपी) बिघडलेले असले, तरी उपचार सुरू करायचे. १०० च्या वर गेलेली पल्स हे त्यातलंच एक लक्षण. केसमध्ये हा प्रसंग आला की मुलं थबकतात. ते थबकणंच मला हवं असतं.

आता चुकीचे पर्याय. बनवणाऱ्याचा खरा कस इथे लागतो. ‘रुग्णाला घरी पाठवते’ असला पर्याय कुणी निवडणार नाही आणि त्यातून कुणी शिकणारही नाही. वॉर्डात चांगली मुलं खरोखर ज्या चुका करतात त्या लिहा. पॅड बदलून, चादर नीट करून निघून जाणं. ‘१५ मिनिटांनी पुन्हा बीपी बघते’ म्हणणं. डॉक्टरांना बोलावायला स्वतःच पळत जाणं आणि बाईला एकटी सोडणं. थंडी वाजतेय म्हणते म्हणून पांघरूण देणं आणि त्याखाली काय चाललंय ते न बघणं. हा शेवटचा पर्याय दयाळूपणातून येतो, म्हणून तो सर्वांत घातक आहे. आमच्याकडे दर बॅचमध्ये कुणी ना कुणी तो निवडतंच. त्या फांदीत दहा मिनिटं पुढे सरकवा, पांघरूण काढायला लावा आणि पाठीखाली साचलेलं रक्त दाखवा. ‘चूक’ असा लाल शब्द टाकू नका. रुग्णाची अवस्थाच उत्तर देते.

बरोबर फांदीतही सगळं एका क्लिकमध्ये मिळू देऊ नका. मदतीची हाक, मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रानेक्झॅमिक अॅसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध), शिरेतून सलाइन, मग वार, जखमा आणि मूत्राशय तपासणं, आणि रक्त थांबत नसेल तर वरच्या केंद्राकडे नेण्याची तयारी. यातली पहिली कामं एकापाठोपाठ एक संपवण्याची नाहीत, दोन-तीन माणसांनी एकाच वेळी करायची असतात. म्हणून पर्याय असे लिहा: ‘तू मसाज सुरू केलास. सोबत एक स्टाफ सिस्टर आणि एक मावशी आहेत. कुणाला काय सांगशील?’ ट्रानेक्झॅमिक अॅसिडचं १ ग्रॅम, दहा मिनिटांत शिरेतून, प्रसूतीपासून तीन तासांच्या आत, हे केसमध्ये स्पष्ट यावं. इतर डोस तुमच्या रुग्णालयाच्या प्रोटोकॉलप्रमाणे घाला, म्हणजे मुलं वॉर्डात गेल्यावर गोंधळणार नाहीत.

आणि भाषा. रुग्णाचं प्रत्येक वाक्य ती जिथली आहे तिथल्या बोलीत लिहा. व्याधीची नावं तिच्या तोंडी घालू नका. ‘कसंतरीच होतंय’, ‘पोटात गोळा उठल्यासारखं वाटतंय’, ‘जीव बसतोय’. तुमच्या भागात अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा कोकणी बोलणाऱ्या बाया येत असतील तर त्या भाषेतल्या एखाद्या आजीला विचारून वाक्यं घ्या. ऐकलेल्या शब्दाचं लक्षणात रूपांतर करणं ही नर्सची मोठी कला आहे, आणि इंग्रजी सॉफ्टवेअर ती शिकवूच शकत नाही.

लिहून झालं की दोघांकडून तपासून घ्या: एक प्रसूतितज्ज्ञ आणि एक लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टर. डॉक्टर औषधं तपासतील. सिस्टर सांगतील, ‘अहो, रात्री दोनला एवढी माणसं असतात कुठे?’ त्यांचं ऐका आणि माणसं कमी करा. मग गेल्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याला केस सोडवू द्या आणि मागे गप्प बसून बघा. तो जिथे अडखळेल तिथे बहुतेक वेळा तुमचं वाक्य सदोष असतं.

तासाच्या दिवशी

आदल्या आठवड्यात वाचायला द्या: पीपीएचची चार कारणं, औषधं, शॉक इंडेक्स. ही तयारी न करता आलेला विद्यार्थी नुसता अंदाजाने क्लिक करत बसतो.

सुरुवातीच्या दहा मिनिटांत तीन गोष्टी सांगा. हे गुणांसाठी नाही. इथे झालेली चूक या खोलीबाहेर जाणार नाही. आणि पडद्यावर काय करता येतं, काय येत नाही. तिसरी गोष्ट राहून गेली तर मुलं बटण शोधण्यात वेळ घालवतात आणि ‘मला येत नाही’ असा समज करून घेतात. पहिल्या दोन गोष्टी तर मनापासून सांगाव्या लागतात, कारण आपल्याकडे मुलांना चुकीची भीती लहानपणापासून लागलेली असते.

६० जणांची बॅच असेल तर १०-१२ चे गट करा. एका संगणकावर दोघं बसवा. एकटा विद्यार्थी मनातल्या मनात ठरवतो, दोघं बसली की त्यांना बोलून ठरवावं लागतं आणि त्यांचा विचार तुम्हाला ऐकू येतो. संगणकच नसतील तर एक प्रोजेक्टर पुरतो. प्रत्येक निर्णयाला हात वर करायला लावा, आणि कमी हात वर आले त्या बाजूला आधी बोलू द्या.

एका ठिकाणी पडदा थांबवा: डॉक्टरांना फोन. इथे क्लिक नको. विद्यार्थ्याने उठून खरा फोन कानाला लावायचा, पलीकडे तुम्ही. पहिल्यांदा बहुतेक जण म्हणतात, ‘सर, पेशंट बरी नाहीये, जरा येता का?’ तुम्ही विचारायचं, ‘काय झालंय?’ आणि मग ते फाइल शोधायला लागतात. दुसऱ्यांदा असं यायला हवं:

‘सर, लेबर रूममधून बोलतेय. तिसऱ्या खेपेची पेशंट, डिलिव्हरीला २० मिनिटं झाली. पॅड आणि चादर वजन करून एकूण ३५० मिली गेलंय. पल्स १०४, बीपी ११४/७६, गर्भाशय मऊ आहे. पीपीएच वाटतंय. मसाज आणि सलाइन सुरू केलंय. तुम्ही लगेच या. तोवर ट्रानेक्झॅमिक अॅसिड सुरू करू का?’

परिस्थिती, पार्श्वभूमी, तपासणी, मागणी: एसबीएआर हीच ती पद्धत. ती पाठ करून येत नाही, तोंडाने बोलूनच येते. हे दोनदा-तीनदा करून घ्या, वेळ गेला तरी चालेल.

केस सुरू असताना तुम्ही गप्प राहा. मला हे सर्वांत कठीण गेलं. विद्यार्थी चुकीच्या फांदीकडे वळला की जीभ शिवशिवते. पण तिथे तुम्ही बोललात की निर्णय तुमचा झाला.

नंतरची चर्चा

केसला २० मिनिटं दिली असतील तर चर्चेला किमान ४०. ही वेळ वाचवायची असेल तर सिम्युलेशन घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. खुर्च्या गोल मांडा. उभं राहून उत्तर द्यायची सवय त्या तासापुरती बंद करा. वरिष्ठ ट्यूटर खोलीत असतील तर त्यांना आधीच विनंती करा की पहिली दहा मिनिटं बोलू नका.

आधी मनातलं बाहेर येऊ द्या: ‘आत्ता कसं वाटतंय?’ रडू येणारी मुलंही असतात. कुणाच्या घरात असं घडलेलं असतं. त्यांना बाहेर जायची मोकळीक द्या आणि नंतर स्वतः जाऊन भेटा. मग घटनाक्रम: ‘काय काय झालं, ओळीने सांगा.’ यात मत नको. गटाने वेगवेगळ्या गोष्टी पाहिल्या होत्या हे इथे उघड होतं. त्यानंतर खरा गाभा, विचार उलगडणं. ‘तू असं का केलंस?’ हा प्रश्न मराठीत दरडावल्यासारखा लागतो, मूल लगेच माफी मागतं आणि विचार झाकला जातो. त्याऐवजी तुम्ही जे पाहिलं ते सांगा, तुम्हाला काय वाटलं ते सांगा, आणि मग विचारा: ‘थंडी वाजतेय म्हटल्यावर तू पांघरूण दिलंस. मला काळजी वाटली, कारण त्याखालचं दिसेनासं झालं. तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं?’ एका मुलीने यावर सांगितलं होतं, ‘मॅडम, मला वाटलं थंडी म्हणजे ताप येतोय.’ हे कळलं तेव्हा काय शिकवायचं ते मला कळलं. ‘मॅडम, माझं चुकलं’ एवढ्यावर थांबले असते तर कळलं नसतं.

शेवटी प्रत्येकाकडून एक वाक्य: पुढच्या ड्युटीला मी नेमकं काय वेगळं करेन. ‘लक्ष देईन’ चालणार नाही. ‘पहिल्या तासात दर १५ मिनिटांनी गर्भाशय हाताने बघेन’ चालेल.

पडद्यावरून वॉर्डात

शक्यतो त्याच दिवशी स्किल लॅब ठेवा. ‘मामानॅटली’सारखं, शिकवणाऱ्याने अंगाला बांधायचं मॅनिकिन असेल तर उत्तम. मसाज, रक्त आणि संवाद तिन्ही त्यात जमतात. नसेल तर एक साधा प्रयोग करा. पाण्यात लाल रंग मिसळा, पॅडवर, चादरीवर, बेसिनमध्ये मोजून ओता आणि मुलांना नजरेने अंदाज लिहायला सांगा. मग काट्यावर वजन करा, कोरड्या पॅडचं वजन वजा करा, १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली. चादरीत मुरलेलं मुलं हमखास कमी लिहितात. स्वतःच्या हाताने केलेली ही चूक ती विसरत नाहीत.

तास मोजण्याबद्दल थोडं. अमेरिकेच्या नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या दहा संस्थांमधल्या अभ्यासात क्लिनिकलचे निम्म्यापर्यंत तास चांगल्या सिम्युलेशनने बदलले तरी विद्यार्थ्यांच्या तयारीत फरक पडला नाही. हा दाखला प्राचार्यांना द्यायला बरा आहे, पण तिथे प्रशिक्षित शिक्षक होते, नीट आखलेली चर्चा होती आणि ते सगळं केवळ पडद्यावरचं नव्हतं. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमात स्किल लॅब आणि सिम्युलेशनला जागा दिली आहे. कुठले तास कशात धरायचे ते परिषदेच्या आणि विद्यापीठाच्या नियमांत वाचूनच लॉगबुकात लिहा. प्रत्यक्ष प्रसूतीची जागा मात्र यातल्या कशालाच देऊ नका.

मूल्यमापनासाठी केसचे गुण मोजू नका. पोस्टिंगमध्ये तीन गोष्टी बघा: पहिल्या तासात विद्यार्थी किती वेळा स्वतःहून गर्भाशय बघतो, पॅड वजन करतो का, आणि इन्चार्ज सिस्टरना काही सांगताना आकडे सांगतो का. सिस्टरनाच हा छोटा कागद भरायला द्या.

पोस्टिंग संपल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याला विचारा की बाळंतिणीने किंवा तिच्या माणसांनी त्रास सांगताना कोणते शब्द वापरले. आमच्या यादीत ‘पाय गळाले’, ‘कानात वारं भरलं’, ‘झोप येतीय, उठवू नका’ अशी वाक्यं या मुलांनीच आणली. शेवटचं वाक्य मी लगेच केसमध्ये घातलं, तिसाव्या मिनिटाच्या आधी. फाइलच्या नावात महिना आणि वर्ष लिहा, जुनी प्रत ठेवा, आणि नवी वाक्यं घातलेली प्रत पुढच्या बॅचला द्या.